वेष्टनावरची सही : मालवणी जिन्नस आणि डिजिटल छपाई

मालवणच्या किनारपट्टीवर तयार होणाऱ्या खाद्यजिनसांना फार काळपर्यंत नावनिशाणीची गरजच पडली नाही, कारण जिन्नस आणि तो करणारा माणूस हे दोघेही गिऱ्हाइकासमोर एकत्रच हजर असत. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत किंवा कुणकेश्वराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत खाज्याचे ढीग मांडून बसलेल्या माणसाला त्याच्या गावावरून व घराण्यावरून लोक ओळखत. त्याच्या गुळाचा पाक किती घट्ट असतो, आल्याचा झणका कितपत लागतो, याचा अनुभव आधीच्या जत्रेतून गाठीशी असे आणि पुडी ज्या कागदात बांधून मिळे त्या कागदावर काय छापले आहे याची विचारपूस करण्याचे कोणाला कारण नसे. पावसाळ्यापूर्वी घराघरांत भरले जाणारे कोकमाचे आगळ जुन्या बाटल्यांतून, घट्ट बूच मारून, मुंबईला निघालेल्या चाकरमान्याच्या ट्रंकेत जाई. मसाल्याचा डबा, कुळथाची पिठी, फणसपोळीची चवड यांचाही प्रवास असाच नात्याच्या हमीवर चाले. अशा व्यवहारात वेष्टनाचे काम केवळ धरून ठेवण्याचे होते. बोलण्याचे काम माणूस करीत असे.

ही व्यवस्था मोडली ती काही कोणाच्या हुकुमाने नव्हे. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण लांबीने धावू लागली, तारकर्ली-देवबागच्या वाळूवर परप्रांतीय प्रवाशांची वर्दळ सुरू झाली, २०२१ साली चिपीच्या माळावर विमानही उतरले. आणि या प्रत्येक टप्प्याबरोबर मालवणी जिन्नस आपल्या कर्त्यापासून अधिकाधिक लांब जाऊ लागला. आज कुडाळच्या एखाद्या घरगुती उद्योगात कुटलेला मसाला टपालाने नागपुरास किंवा बंगळुरास जातो, आणि तेथे तो उघडणाऱ्या गृहिणीला कर्तीचे नाव, गाव, हात यांपैकी काहीही ठाऊक नसते. जी साक्ष पूर्वी माणूस स्वतः उभा राहून देत असे ती आता कागदाच्या वा प्लास्टिकच्या पातळ पडद्याने द्यावयाची आहे. वेष्टन हा त्या अर्थाने एक दस्तऐवज आहे. त्यावर कर्त्याची सही असते, तारीख असते, वजनाचा कबुलीजबाब असतो. हा दस्तऐवज लिहिण्याची ऐपत लहान उत्पादकाला आजवर नव्हती, ती डिजिटल छपाईने प्रथमच त्याच्या आटोक्यात आणली, आणि या तंत्राचे खरे महत्त्व त्याच्या झळाळीपेक्षा मला यातच दिसते.

छपाईकडे वळण्यापूर्वी वेष्टनाच्या द्रव्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण नवे रूप देण्याच्या उत्साहात पुष्कळ मंडळी चित्रापासून आरंभ करतात आणि जिनसाचा स्वभाव विसरतात. कोकमाचेच घ्या. त्याच्या सालीतला गर्द तांबडा रंग हा अँथोसायनिन जातीच्या रंगद्रव्यांचा असतो, आणि ही द्रव्ये उजेड व उष्णता यांपुढे फार काळ तग धरीत नाहीत. महामार्गावरच्या दुकानात पारदर्शक बाटल्यांची रांग काचेच्या कपाटात उन्हाकडे तोंड करून मांडलेली असते. पुढच्या रांगेतल्या बाटल्यांतील सरबत विटकरीकडे झुकलेले आणि मागच्या रांगेतले अजून माणकासारखे, असा भेद ज्याला पाहावयाचा त्याने तेथे जाऊन पाहावा. गिऱ्हाइकाला माल दिसावा म्हणून निवडलेली पारदर्शकताच मालाचा रंग खाते. येथे मोठ्या आकाराचे, बाटलीला चहूबाजूंनी वेढणारे, अपारदर्शक थर असलेले लेबल हे शोभेसाठी नसून संरक्षणासाठी असते, आणि रंग दाखवावयाचाच असेल तर एक अरुंद खिडकी पुरते. आगळाची गोष्ट याहून निराळी. त्यात आम्ल व मीठ दोन्ही भरपूर असल्याने धातूचे झाकण आतून गंजते. तेव्हा झाकणाच्या आतील अस्तराकडे दुर्लक्ष करून लेबलावर कितीही कसब खर्चले तरी ते व्यर्थ होय.

काजूगरात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो; प्राणवायूच्या संसर्गाने तो खवट होतो, म्हणून वेंगुर्ल्याच्या काजूला पिशवीतील हवा काढून नत्रवायू भरावा लागतो. मसाल्याला तीन शत्रू : उजेड मिरचीची लाली उतरवतो, दमटपणा गुठळ्या करतो, आणि दगडफूल, नागकेशर, जायपत्री यांचा सुगंध ज्या उडनशील तेलांत असतो ती तेले साध्या पातळ पिशवीतून पाहता पाहता निघून जातात. खाज्याचा गूळ तर कोकणातल्या आषाढाची हवा अक्षरशः पिऊन घेतो, आणि कुरकुरीतपणा गेलेला खाजा हा खाजाच राहत नाही. या सगळ्यावरचा उपाय म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या थरांची पिशवी : बाहेर पॉलिएस्टरचा चिवट पडदा, मध्ये ॲल्युमिनियमचा वर्ख अथवा धातूचा मुलामा दिलेला पडदा, आणि आत उष्णतेने सांधणारे पॉलिथिन. छपाई बाहेरच्या पडद्याच्या आतल्या अंगाला, उलटी केलेली असते. त्यामुळे शाई दोन थरांमध्ये कोंडली जाते, बोटाने घासली जात नाही आणि अन्नाला थेट भिडत नाही.

शाई आणि अन्न यांच्यातील हे अंतर किती मोलाचे आहे, हे २००५ साली इटलीत घडलेल्या एका प्रकरणावरून जगाला कळले. अतिनील किरणांनी वाळणाऱ्या शाईतील एक द्रव्य बालकांच्या दुधात सापडल्यामुळे लक्षावधी लिटर दूध तेथील अधिकाऱ्यांनी बाजारातून उचलले. दुधाच्या खोक्यांवरची छपाई बाहेरून होती. परंतु छापलेला पुठ्ठा गुंडाळी करून ठेवला असता एका वेढ्याची बाहेरची बाजू दुसऱ्या वेढ्याच्या आतल्या बाजूस टेकली, आणि तेवढ्याने ते द्रव्य आत उतरले. आपल्याकडेही २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी अन्नाच्या वेष्टनावरील शाईसाठी भारतीय मानक लागू केले आणि वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली. जत्रेतल्या खाज्याच्या पुडीवर तेलाचा डाग पसरून बातमीची अक्षरे अर्धपारदर्शक होत, ते दृश्य कितीही ओळखीचे असले तरी त्या डागाबरोबर शाईही पदार्थात जात होती, हे आता मान्य केले पाहिजे.

आता छपाईकडे. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उभा राहिला, म्हणजे सावंतवाडीपासून एका दिवसाच्या वाटेवर. आणि १६१६ साली राशोल येथे फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते मात्र रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. मराठी अक्षराला स्वतःच्या रूपाने छापून निघण्यासाठी पुढे दोन शतके वाट पाहावी लागली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले, जावजी दादाजींच्या निर्णयसागराने १८६९ पासून देवनागरी टाइपाला सौष्ठव दिले, राजा रविवर्म्याच्या १८९४ मध्ये स्थापन झालेल्या छापखान्याने रंगीत चित्र घराघरांतील भिंतीवर नेले, आणि त्याच चित्रांची लहान रूपे काड्यापेट्यांवर व कापडाच्या ताग्यांवर जाऊन बसली. मुंबईतल्या जुन्या मसालेवाल्यांच्या व लोणचेवाल्यांच्या डब्यांचा तोंडवळा याच परंपरेतून घडला. परंतु या साऱ्या वैभवाचा गुरुत्वमध्य मुंबईत होता. मालवण, वेंगुर्ले, देवगड येथून तेथे कच्चा माल गेला आणि तेथून छापील डबा परत आला.

याचे कारण छपाईच्या अर्थशास्त्रात होते. लवचीक पिशव्यांवर छापण्याची जी रूढ पद्धत आहे तिला ग्रॅव्ह्युअर म्हणतात. तीत पोलादी सिलिंडरवर तांब्याचा थर चढवून त्यावर चित्र सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने कोरतात, वर क्रोमचा मुलामा देतात, आणि प्रत्येक रंगासाठी असा एकेक स्वतंत्र सिलिंडर लागतो. पाच रंग, पाच सिलिंडर. एकदा ते यंत्रावर चढले म्हणजे पिशव्या भराभर निघतात आणि प्रत्येक पिशवीवर पडणारा छपाईचा भार नाममात्र होतो. पण तो नाममात्र होण्यासाठी छापील पडदा कित्येकशे किलो घ्यावा लागतो. समजा, मालवण तालुक्यातील एखादा महिला बचतगट चैत्र-वैशाखात मसाला कुटतो, कोकम फोडतो, फणसपोळी वाळवतो. प्रत्येक जिनसाच्या काही शे पिशव्या त्याला पुरतात. त्याच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग उरत : एक, ज्या पिशव्या संपण्यास अनेक वर्षे लागतील त्यांत भांडवल गुंतवणे, दुसरा, बाजारातून कोऱ्या पिशव्या आणून त्यांवर एकरंगी चिठ्ठी चिकटवणे. बहुतेकांनी दुसरा मार्ग धरला, आणि म्हणून अत्यंत सकस मालही अनाथासारखा फळीवर उभा राहिला. तिसराही एक मार्ग होता, आणि तो दुःखद आहे. माल सुटा, गोणीने, मोठ्या व्यापाऱ्यास विकावयाचा आणि नाव त्याचे लागू द्यावयाचे.

डिजिटल छपाईत कोरीव सिलिंडर नाही, प्लेट नाही. संगणकातले चित्र थेट यंत्रात जाते. या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील चेस्टर कार्लसन याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी केलेल्या प्रयोगात आहे. विजेचा भार दिलेल्या पृष्ठावर प्रकाश पाडला की प्रकाश पडलेल्या जागेचा भार निघून जातो आणि उरलेल्या जागी भुकटी चिकटते, हे तत्त्व त्याने सिद्ध केले आणि त्यातून पुढे झेरॉक्सचे यंत्र निघाले. तेच तत्त्व वापरून, पण कोरड्या भुकटीऐवजी द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म रंगकण घेऊन, इस्रायलमधील बेनी लांडा यांच्या इंडिगो कंपनीने १९९३ साली रंगीत डिजिटल मुद्रणयंत्र बाजारात आणले. प्रतिमा प्रथम तापलेल्या रबरी आवरणावर उतरते, तेथे द्रव उडून जाऊन रंगाचा पातळ पापुद्रा बनतो, आणि तो पापुद्रा कागदावर वा पडद्यावर अलगद चढतो. यंत्राच्या प्रत्येक फेऱ्याला प्रतिमा नव्याने लिहिली जात असल्यामुळे पहिली पिशवी आणि दुसरी पिशवी सारखी असण्याचे कोणतेही बंधन उरत नाही. शाईच्या थेंबांचे फवारे मारणारी दुसरी एक जात आहे, ती मुख्यतः लेबलांसाठी व पुठ्ठ्यासाठी वापरतात.

खर्चाचा हिशेब येथे उलटा होतो. ग्रॅव्ह्युअरमध्ये आरंभीचा खर्च मोठा आणि दर नगाचा खर्च अल्प. डिजिटलमध्ये आरंभीचा खर्च जवळजवळ नाही आणि दर नगाचा खर्च थोडा चढा, पण शंभर नग असोत की हजार, तो फारसा हलत नाही. म्हणून एका मर्यादेपर्यंत डिजिटल स्वस्त पडते आणि ती ओलांडली की महाग. ज्याचा खप लाखांत गेला त्याने खुशाल सिलिंडर कोरून घ्यावेत. कोणी विक्रेता याच्या उलट सल्ला देऊ लागला तर तो ऐकू नये. परंतु सिंधुदुर्गातील शेकडो लहान उद्योग त्या मर्यादेच्या अलीकडेच आहेत, आणि त्यांच्यासाठी हंगामापुरते, गरजेपुरते, चूक सापडली तर पुढच्या खेपेस सुधारून छापून घेता येणे ही गोष्ट लहान नव्हे.

सुधारून घेण्याचा हा मुद्दा सरकारी नियमांच्या संदर्भात विशेष ध्यानात येतो. वेष्टनावर काय असावे याची यादी लांब आहे : जिनसाचे नाव, घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्ये, निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, कर्त्याचा पूर्ण पत्ता, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक. हे नियम स्थिर राहत नाहीत. २०२० च्या लेबलविषयक नियमांमुळे मांसाहारी पदार्थांचे तपकिरी वर्तुळ जाऊन तेथे तपकिरी त्रिकोण आला, आणि सुकट, सोडे, जवळा विकणाऱ्या किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला आपली छाप बदलावी लागली. २०२२ पासून दर ग्रॅमचा वा दर किलोचा भावही छापणे आले. ज्याने पिशव्यांचा ढीग करून ठेवला होता त्याची त्या दिवशी रद्दी झाली किंवा त्याने एकेका पिशवीवर हाताने चिठ्ठ्या डकवल्या. ज्याने थोडे छापले होते त्याने पुढच्या खेपेला मजकूर बदलला, आणि प्रकरण तेथेच मिटले.

याच नियमांतली एक गोष्ट मला बोचते. आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असला पाहिजे, इतर भाषा अधिक म्हणून चालतील, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यामुळे लहान पिशवीवर जागा अपुरी पडली म्हणजे पहिला बळी मराठीचा जातो. कोकम कसे भिजवावे, आगळात पाणी किती घालावे, तिरफळे ठेचून कधी टाकावीत, हे ज्या भाषेत आजीने सांगितले त्या भाषेला पिशवीच्या मागच्या अंगावरदेखील चार ओळी मिळू नयेत हे बरे नाही. लेबलाच्या मोठेपणाला मर्यादा असतील, पण आता छपाईच्या खर्चाची सबब उरलेली नाही. मुंबई-पुण्यास जाणाऱ्या खेपेसाठी मराठीचा भाग वाढवून वेगळी छाप काढता येते आणि परप्रांती जाणाऱ्या खेपेसाठी वेगळी.

मराठी छापावयाचे म्हटले की एक जुनी अडचण नव्या वेषात पुढे येते. आरेखन करणारा एका संगणकावर, एका फॉन्टमध्ये अक्षरे लिहितो. फाइल छापखान्यात जाते. तेथे तो फॉन्ट नसतो, किंवा चित्र रचणारी संगणकप्रणाली देवनागरीची जोडणी ओळखत नाही, आणि अक्षरे विस्कटतात. आपल्या जिल्ह्याचेच नाव घ्या. ‘सिंधुदुर्ग’ या चार अक्षरी नावात ऱ्हस्व वेलांटी आहे, अनुस्वार आहे, दोन उकार आहेत आणि शेवटी रफार. म्हणजे देवनागरीत जे जे निसटू शकते ते बहुतेक सगळे येथे एकत्र आले आहे. वेलांटी ‘स’च्या मागे जाऊन उभी राहते, रफार सुटून ‘र’ आणि पाय मोडल्याची खूण वेगळी दिसते, आणि इंग्रजी वाचणाऱ्या यंत्रचालकाच्या हे ध्यानातही येत नाही. उपाय साधा आहे : फाइल पाठवण्यापूर्वी अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करून घ्यावे, आणि कागदावर काढलेला पहिला नमुना, ज्याला धंद्यात प्रूफ म्हणतात, मराठी वाचणाऱ्या माणसाने बोट ठेवून वाचावा. सुदैवाने आज देवनागरीचे चांगले फॉन्ट विनामूल्य उपलब्ध आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे त्यांतले विशेष परिचित. परंतु दिसण्यात मोहक असलेला जाड फॉन्ट बारीक आकारात घटकद्रव्यांच्या यादीस वापरला तर मात्रा व अनुस्वार एकमेकांत बुजतात. नावासाठी एक, मजकुरासाठी दुसरा, एवढा विवेक पाळावा.

प्रूफ पाहताना रंगाचाही निवाडा करावा लागतो. पडद्यावर दिसणारे रंग प्रकाशाचे असतात, छापलेले रंग शाईचे. पडद्यावरचे तेजस्वी केशरी आणि गर्द जांभळे चार शाईंच्या मिश्रणात मंद होतात. कोकमाची लाली आणि हापुसाची केशरी छटा नेमक्या या अडचणीच्या टापूत पडतात. काही डिजिटल यंत्रांत चार मूळ रंगांखेरीज नारिंगी, जांभळी व हिरवी शाई वेगळी घालता येते, आणि सिंधुदुर्गातील जिनसांसाठी ती घालणारा छापखाना शोधणे श्रमाचे चीज करणारे आहे.

नवे रूप म्हणजे जुने पुसणे, हा समज मला घातक वाटतो. एखाद्या घराण्याच्या मसाल्याच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे जे वेडेवाकडे माडाचे झाड किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट छापलेला असतो, तो चित्रकलेच्या कसोटीस उतरत नसेल. पण गिऱ्हाइकाचा डोळा त्यालाच ओळखतो. शहरातला आरेखनकार येतो, तो तट काढून टाकतो, पांढऱ्या भूमीवर बारीक इंग्रजी अक्षरे मांडतो, आणि मालवणचा मसाला कोठल्याही देशीच्या दुकानात शोभेल असा, म्हणजेच कोठलाही नसलेला, होऊन जातो. जुन्या चिठ्ठीचे उत्तम छायाचित्र घेऊन, तिच्या रेषा शुद्ध करून, तीच खूण नव्या पिशवीवर ठळकपणे बसवणे हा शहाणपणाचा मार्ग होय. याच जिल्ह्यात सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी गंजिफाच्या गोल पत्त्यांवर जी दशावताराची चित्रसृष्टी निर्माण केली, तिच्या किनारी, तिचे लाल-पिवळे-काळे रंग, तिची गोल चौकट ही झाकणावरच्या गोल लेबलास मुद्दाम घडवल्यासारखी शोभेल. मात्र कारागिराला मोबदला देऊन आणि त्याचे नाव छापून हे व्हावे. संगणकावर उचलून चिकटवलेली नक्कल ही चोरी होय. डिजिटल यंत्र प्रत्येक प्रत वेगळी छापू शकते, म्हणून दहा अवतारांच्या दहा छाप्या एकाच खेपेत निघू शकतात. याच सामर्थ्याचा उपयोग करून २०१४ साली इस्रायलमध्ये एका प्रसिद्ध पेय कंपनीने वीस लक्ष बाटल्यांना वीस लक्ष निरनिराळी चित्रे दिली होती. तो प्रसिद्धीचा खेळ होता. आपल्याकडे त्याच सामर्थ्याला अधिक गंभीर काम सापडले, आणि ते देवगडात.

कोकणच्या हापुसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तथापि कागदावरचे मानांकन आणि वाशीच्या बाजारातील पेटी यांच्यामध्ये मोठी दरी होती. इतर प्रांतांतील आंबा देवगडच्या नावाने पेटीत भरला जाई, आणि पेटीवरचा छापील मजकूर कोणासही हवा तितका छापून मिळत असल्यामुळे त्या मजकुराला पुरावा म्हणून काही किंमत राहिली नव्हती. फळ नेमके कोठले हे सालीवरून ओळखणारे जाणकार थोडे. बाकीच्यांचा भरवसा लाकडी पेटीवर. २०२५ च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने यावर जो तोडगा अमलात आणला त्याचे नाव ‘टीपी सील यूआयडी’. पेटीवर नव्हे, तर प्रत्येक फळावर एक चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीवर दुसऱ्या कोणत्याही चिठ्ठीवर नसलेला अंकाक्षरी संकेत. आणि त्या संकेताचा एक भाग वर, दुसरा भाग चिठ्ठीच्या खाली दडलेला. गिऱ्हाइकाने न उघडलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपवर पाठवावे. वरचा संकेत वाचून तिकडून खालचा क्रमांक विचारला जातो. चिठ्ठी फाडून तो कळवला आणि दोन्ही जुळले म्हणजे बागायतदाराची व गावाची माहिती मिळते. चिठ्ठी एकदा फाटली की ती पुन्हा लावता येत नाही, म्हणून एका फळाची साक्ष दुसऱ्या फळाला देता येत नाही. हे तंत्र मुंबईच्या सन सोल्युशन्स या कंपनीचे आहे.

या योजनेचा माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक ठरवलेला भाग छपाईच्या बाहेर आहे. बागायतदाराला चिठ्ठ्या मागेल तितक्या मिळत नाहीत. त्याच्या नावावरची कलमे आणि त्यांचे अपेक्षित उत्पन्न पाहून संख्या ठरते. झाडे जितकी, चिठ्ठ्या तितक्याच बेताने. त्यामुळे बाहेरचा आंबा आणून आपल्या नावाखाली घालण्याचा मोह झाला तरी चिठ्ठ्या पुरत नाहीत. जुन्या काळच्या सरकारी मुद्रांकाचे मोलही त्याच्या नक्षीत नव्हते. ते किती छापले व कोणास दिले याचा जो हिशेब दप्तरात असे, त्यात होते. लक्षावधी चिठ्ठ्या, प्रत्येक वेगळी, आणि त्या सर्वांचा पाठीमागे ताळेबंद, हे काम कोरीव सिलिंडरच्या छपाईने कदापि झाले नसते.

आता ही पद्धत फळापुरती थांबू नये, असे वाटते. हापुसाचा रस, आंबापोळी, मुरंबा यांत फळ ओळखू येत नाही आणि म्हणूनच भेसळीला वाव अधिक. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूलाही भौगोलिक मानांकन आहे. परंतु परदेशी काजूबी कोकणातल्या कारखान्यात फोडली की ती कोठली, हे पिशवीवरून कळत नाही. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, जी २०२० साली सुरू झाली, एकेकट्या उद्योगाला यंत्रसामग्रीसाठी पस्तीस टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि गटांना नाममुद्रा व विक्रीव्यवस्थेसाठी पन्नास टक्के साहाय्याची तरतूद करण्यात आली. हा पैसा नुसत्या चकचकीत पिशव्यांवर खर्च होऊ नये. पिशवीवरचा क्रमांक ज्या नोंदीकडे बोट दाखवतो ती नोंद ठेवण्यावरही तो खर्च व्हावा.

कारण यंत्र क्रमांक छापील, पण त्या क्रमांकापलीकडे काही लिहिलेले नसेल तर तो पोकळ राहील. कोकम करणाऱ्या गटाने यासाठी संगणकाची वाट पाहण्याचे कारण नाही. वहीतल्या चार-सहा रकान्यांत ते बसते. फळ कोणत्या वाडीतून, कोणत्या तारखेस, किती किलो आले. कोणत्या दिवशी फोडले. सालींना रसाची पुटे किती दिली आणि प्रत्येक पुटानंतर ऊन किती दिवस मिळाले. मृगाचा पाऊस लवकर आला असेल तर शेवटचा वाळवणीचा दिवस कोणता. भरणी कधी झाली, कोणाच्या देखरेखीखाली, आणि किती पिशव्या भरल्या. प्रत्येक ओळीला एक क्रमांक. ती वही छापखान्याकडे गेली म्हणजे त्या हंगामाच्या पिशव्यांचा मजकूर त्यातूनच उतरवून घेता येतो, आणि नागपुरात आमसुलाचे पाकीट उघडणाऱ्या बाईला तो क्रमांक मोबाइलवर टिपला असता आचऱ्याजवळच्या कोणत्या वाडीतल्या रातांब्यांचे ते आमसूल आहे आणि वैशाखातल्या कोणत्या आठवड्यात ते वाळले, हे वाचता येते.